सुरिमीच्या धुण्याच्या पाण्यातली प्रथिनं: मेंब्रेन घेण्याआधी काय करावं?

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमची सुरिमीची (धुऊन शुद्ध केलेल्या माशाच्या कीम्याची) छोटी फॅक्टरी आहे. दिवसाला साधारण दहा टन कच्चा मासा येतो, बहुतेक राणी, थोडा ढोमा. हंगामात कोळंबी सोलतो आणि उकळतोही. ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संचावर) सारखा फेस येतो, वास सुटतो, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) काही केल्या खाली येत नाही. एक पुरवठादार म्हणतो, अल्ट्राफिल्ट्रेशनचा, म्हणजे मेंब्रेनच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी गाळण्याचा संच बसवा, पाण्यातली ९५ टक्के प्रथिनं परत मिळतील, पावडर करून विका, दोन वर्षांत पैसे वसूल. घ्यावा का?

उत्तर:

आत्ता घेऊ नका. अल्ट्राफिल्ट्रेशनला माझा विरोध नाही, मी स्वतः ती यंत्रं चालवली आहेत. पण ज्या पाण्यावर तुम्ही ते लावणार आहात, त्यात परत मिळवण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. ईटीपीच्या पहिल्या टाकीत पोचेपर्यंत प्रथिनं पातळ झालेली असतात, त्यात फरशी धुतल्याचा साबण आणि क्लोरीन मिसळलेला असतो, आणि जिवाणूंनी ती खायला घेतलेली असतात. प्रथिनं हाती लागतात ती वॉशिंग टँकच्या खालच्या व्हॉल्व्हपाशी, पाणी तिथून सुटल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत. ती जागा आणि ती वेळ गेली की कितीही महागडं यंत्र लावा, तुम्ही सांडपाणीच गाळत बसाल.

आधी ही प्रथिनं येतात कुठून ते पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. माशाच्या मांसातल्या प्रथिनांपैकी साधारण दोन तृतीयांश स्नायूतंतूंची असतात, त्यांना मायोफिब्रिलर म्हणतात. ती थंड गोड्या पाण्यात सहसा विरघळत नाहीत, आणि सुरिमीचा तो लवचिक चिवटपणा त्यांच्याचमुळे येतो. पंचवीस ते तीस टक्के प्रथिनं पेशीतल्या रसातली, म्हणजे सार्कोप्लाझ्मिक. त्यात एन्झाइम्स, लाल रंगाचं मायोग्लोबिन, पार्व्हाल्ब्युमिन अशी बरीच मंडळी येतात आणि ती पाण्यात सहज उतरतात. उरलेलं थोडं कोलॅजेन. मिन्स, म्हणजे माशाचा कीमा, दोन-तीनदा धुऊन दुसरा प्रकार काढून टाकायचा आणि पहिला राखायचा, हेच सुरिमीचं काम. म्हणजे पाण्यात प्रथिनं जाणं ही तुमच्या फॅक्टरीतली चूक नाही. ती जाणारच. आपल्याला फक्त ती कुठे जातात यावर हुकमत ठेवायची आहे.

आता तुमचे आकडे घेऊ. दहा टन माशातून साधारण चार टन मिन्स निघतो असं धरा. त्यात १६ टक्के प्रथिनं, म्हणजे ६४० किलो. त्यातली पाव सार्कोप्लाझ्मिक, म्हणजे १६० किलो. मिन्सच्या चौपट पाण्याने पहिलं धुणं केलंत तर १६ घनमीटर पाणी लागतं, आणि त्या एका धुण्यातच १०० ते १२० किलो प्रथिनं उतरतात. म्हणजे लिटरमागे सात ग्रॅमच्या आसपास. हे पाणी उरलेल्या पाण्यात सोडलंत की काय होतं? दुसरं धुणं, तिसरं धुणं, मासे धुतलेलं, टेबलं आणि फरशी धुतलेलं, सगळं मिळून दिवसाला १२० घनमीटर होत असेल, तर तीच प्रथिनं लिटरला एक ग्रॅमच्याही खाली येतात. मोलाचा माल होता तो सातपट पातळ केला, आणि हे काम करायला फक्त एक गटार पुरलं.

म्हणून पहिली खरेदी मेंब्रेनची नको, तीन गोष्टींची करा: पहिल्या धुण्यासाठी वेगळी पाइपलाइन, एक तीन-तोंडी व्हॉल्व्ह, आणि झाकणाची इन्सुलेटेड टाकी. या कामाला फॅब्रिकेटरचे आठ दिवस लागतील. माझ्या अनुभवात यानंतर जे काही बसवलं जातं त्याचा आकार निम्म्याहून लहान होतो.

आपल्याकडे घराघरांत मासे धुतलेलं पहिलं लालसर पाणी माडाच्या आळ्यात नाहीतर मिरचीच्या रोपाला ओततात, आणि नंतरचं स्वच्छ पाणी मोरीत सोडतात. पहिलं आणि दुसरं पाणी एक नसतं हे त्या बायकांना ठाऊक असतं. फॅक्टरीत मात्र आपण दोन्ही एकाच नळीत घालतो.

व्हॉल्व्हच्याही आधी एक काम आहे, आणि पैसे सगळ्यात लवकर तिथेच सुटतात. धुण्याच्या पाण्यात विरघळलेल्या प्रथिनांबरोबर मिन्सचे बारीक कणही जातात. रिफायनर आणि स्क्रू प्रेसमधून निघणारं पाणी एकदा काचेच्या ग्लासात घेऊन दहा मिनिटं ठेवा. तळाशी पांढरट गाळ बसेल. तो गाळ म्हणजे विरघळलेली प्रथिनं नव्हेत, ते तुमचं सुरिमीचंच मांस आहे, स्नायूतंतूंसकट. ते थंड असतानाच अर्ध्या मिलिमीटरच्या रोटरी स्क्रीनवर आणि मग डिकँटर सेंट्रिफ्यूजवर (वेगाने फिरवून पाण्यातून घन कण वेगळे करणाऱ्या यंत्रावर) पकडलं तर दुसऱ्या दर्जाच्या सुरिमीत परत घालता येतं. अलास्कातल्या आणि जपानमधल्या मोठ्या कारखान्यांत डिकँटर हा लाइनचाच भाग असतो. याला कुठलं रसायन लागत नाही, वेगळं गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, आणि किलोमागे दर सुरिमीचा मिळतो, खाद्याचा नव्हे. तुमच्याकडे डिकँटर नसेल, किंवा असून मोटर जळाली म्हणून कोपऱ्यात पडला असेल, तर पुरवठादाराला फोन करण्याआधी तो चालू करा.

पाणीही कमी करा. दुसऱ्या धुण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. तेच पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरलं तर ताजं पाणी वाचतं, ते थंड करायचा खर्च वाचतो आणि पहिल्या धुण्यातली प्रथिनं आणखी दाट होतात. क्वालिटीवाले सुरुवातीला कुरकुर करतील, आणि त्यांची बाजू खरी आहे: हे पाणी दहा अंशांच्या वर जाऊ देता येत नाही आणि टाकीत साठवून ठेवता येत नाही. एका घाण्यातून थेट दुसऱ्या घाण्यात गेलं पाहिजे. तसं जमत नसेल तर हा विचार सोडून द्या, जेलचा दर्जा घालवून पाणी वाचवण्यात अर्थ नाही.

आता वेगळ्या काढलेल्या त्या १६ घनमीटरकडे येऊ.

मी कुठल्याही फॅक्टरीत गेलो की पहिल्या पाळीच्या पहिल्या घाण्याचं पाणी बादलीत घेतो आणि तिथेच सहा बीकर मांडतो. पाणी फिकट गुलाबी असतं, वर बारीक फेस, आणि ताज्या माशाला येतो तेवढाच वास. पीएच पावणेसातच्या आसपास निघतो. मग पातळ केलेलं आम्ल थेंब थेंब टाकत जायचं. साडेसहाला काही दिसत नाही. सहाला पाणी जरा धुरकटतं. साडेपाचच्या जवळ आलं की एकाएकी दूध नासावं तसं होतं: पांढरट कण दिसू लागतात, एकमेकांना धरतात, आणि ढवळणं थांबवलं की मधून मधून निवळी दिसायला लागते. माशाच्या बहुतेक प्रथिनांवरचा धन आणि ऋण भार याच सुमारास बरोबरीला येतो. एकमेकांना दूर ढकलायचं बळ संपलं की ती गोळा होतात. छेना करताना लिंबू पिळल्यावर जे होतं तेच.

पण निवळी नीट बघा, ती अजून गढूळच असते. सार्कोप्लाझ्मिक प्रथिनं अनेक प्रकारची असतात, सगळ्यांचा भार एकाच पीएचला शून्य होत नाही. नुसत्या आम्लाने अर्धी-मुर्धी बसतात. तेच बीकर गरम पाण्यात धरून ६५ ते ७० अंशांवर नेलं की उरलेल्यांतली बरीच गोठतात आणि निवळी ताकाच्या निवळीसारखी पिवळसर होते. तरी काही राहतातच. पार्व्हाल्ब्युमिन हे छोटं प्रथिन उकळलं तरी मोडत नाही, आणि माशाची ॲलर्जी असणाऱ्यांना बहुतेक वेळा त्याचाच त्रास होतो. हे लक्षात ठेवा, विक्रीच्या वेळी लागेल.

मग सगळंच पाणी तापवायचं का? इथे कागद-पेन्सिल घ्या. एक घनमीटर पाणी १० अंशांवरून ७० वर न्यायला सुमारे ७० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. बाहेर पडणाऱ्या गरम निवळीवर येणारं पाणी ४० अंशांपर्यंत तापवून घेतलं तरी उरलेल्या तीस अंशांना ३५ युनिट लागतातच. प्लेट हीट एक्स्चेंजरवर ४० च्या पुढे नेऊ नका, प्लेटांवरच छेना धरतो आणि रोज उघडून घासायला लागतं. पुढचं तापवणं थेट वाफ सोडूनच करा, आणि त्या बॉयलरमधली रसायनं खाद्यपदार्थाला चालणारी असावीत. तुमच्या १६ घनमीटरना असे ५६० युनिट होतात, म्हणजे बॉयलरला रोज दीडशे ते पावणेदोनशे किलो ब्रिकेटचं जळण. हाती लागणार ८० किलो प्रथिनं. हा सौदा मला पटत नाही.

म्हणून मी क्रम उलटा ठेवतो. आधी थंडच पाण्यात आम्ल घालून पीएच साडेपाचवर आणायचा, कण मोठे व्हायला थोडं कायटोसान द्यायचं, आणि डॅफमध्ये, म्हणजे दाबाखाली हवा विरघळवून तिचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या टाकीत, सगळा छेना वर आणायचा. वरची साय चार टक्के घन पदार्थांची जरी मिळाली तरी ८० किलो प्रथिनं दोन घनमीटरमध्ये येतात. आता फक्त ही साय तापवा. ५६० युनिटचं काम १४० मध्ये होतं, उष्णता परत मिळवायची यंत्रणा नसली तरी. तापवल्यावर साय आकसते, पाणी सोडते आणि डिकँटरवर नाहीतर पिशवीच्या प्रेसवर दाबली की १८ ते २० टक्के घन पदार्थांचा पनीरसारखा लगदा मिळतो. तुमच्याकडे रोज साधारण चारशे किलो.

कायटोसानबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ते आपल्याच किनाऱ्याचं रसायन आहे. कोळंबीच्या आणि खेकड्याच्या टरफलांतल्या कायटिनपासून ते बनतं. कोचीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ फिशरीज टेक्नॉलॉजीने, ही संस्था १९५७ पासून आहे, त्याचं तंत्र देशात रुजवलं. आम्लात ते धनभारित होतं, प्रथिनांवरच्या ऋणभाराला चिकटतं आणि कणांना एकत्र बांधतं. पीएच साडेसहाच्या वर गेला की ते स्वतःच पाण्यातून बाहेर पडतं, त्यामुळे आधी आम्ल आणि मग कायटोसान, हा क्रम मोडू नका. एक टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये एक टक्का द्रावण करून लिटरला २५, ५०, ७५, १००, १५० मिलिग्रॅम असे बीकर लावून पाहा. सगळ्यात जास्त मात्रेचा बीकर सगळ्यात स्वच्छ असेल असं समजू नका. मात्रा जास्त झाली की कण सगळे धनभारित होऊन पुन्हा एकमेकांपासून पळतात आणि पाणी परत गढूळ होतं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठात सुरिमीच्या पाण्यावर कायटोसान आणि अल्जिनेट एकत्र वापरून खूप काम झालं आहे. त्यांनी परत मिळवलेली प्रथिनं उंदरांना खाऊ घालून चाचणीही घेतली होती. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात हेरिंग आणि कोळंबीच्या पाण्यावर असंच काम चालतं. कायटोसान घरी बनवायला जाऊ नका, त्याला दाट गरम कॉस्टिक लागतो. विकत घ्या, आणि खाद्य दर्जाचं प्रमाणपत्र मागून घ्या.

फेरिक क्लोराइड स्वस्त पडतं, ते वापरून बघू का, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. पाणी स्वच्छ होईल, पण छेन्यात लोह उतरेल, त्याने चरबी लवकर खवट होते आणि लगदा कोणी घेणार नाही. तुरटी आणि पॉलिअक्रिलामाइडचंही तेच. ज्या दिवशी ती घातलीत त्या दिवशी प्रथिनांचा गाळ झाला. गाळच करायचा असेल तर खुशाल करा, फक्त त्याला प्रथिनं परत मिळवणं म्हणू नका.

आम्ल कुठलं? सल्फ्युरिक सगळ्यात स्वस्त. पण पुढे तुमची ॲनएरोबिक (हवेविना चालणारी) टाकी असेल तर त्यातल्या सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो. हायड्रोक्लोरिकने ३०४ प्रतीच्या स्टीलला खड्डे पडतात, ३१६ही त्या आम्लापुढे टिकत नाही, प्लास्टिक लागतं. माझी पसंती तरीही हायड्रोक्लोरिकला, डोसिंगची टाकी आणि नळी प्लास्टिकची ठेवून. एका पाळीला किती लागेल ते बीकरमध्ये मोजून ठरवा, कुठल्याही तक्त्यावरून नको. पाणी किती ताजं आहे त्यावर ते फार बदलतं.

ताजेपणाची ही गोष्ट मला फार महाग पडली आहे. एका फॅक्टरीत सगळं नीट मांडलं होतं, बीकरमध्ये सुंदर छेना येत होता. चालू केल्यावर आठवड्याभरात तक्रार आली की आम्ल दुप्पट लागतंय आणि छेना बसतच नाही. मी पहाटे तिथे जाऊन उभा राहिलो. संध्याकाळच्या पाळीचं पाणी टाकीत तसंच राहायचं आणि सकाळचा ऑपरेटर आल्यावर यंत्र सुरू व्हायचं. एप्रिल महिना, टाकी उघड्यावर, पत्र्याची. रात्रभरात जिवाणू आणि माशातलीच एन्झाइम्स प्रथिनं तोडत होती. तुकडे इतके लहान की आम्लाने गोळा होणार नाहीत, आणि सुटलेला अमोनिया आम्ल खाऊन टाकायचा. यंत्रात काही दोष नव्हता. मी रात्रीच्या पाण्याचं काय होतं हे विचारलंच नव्हतं. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: पाणी पाच अंशांखाली आणि चार तासांच्या आत, नाहीतर सरळ ईटीपीला. हंगामात बांगडा किंवा कुपा आला तर याला आणखी एक कारण जोडलं जातं. गरम जागी त्यात हिस्टामीन हे विषबाधा करणारं द्रव्य तयार होतं, आणि एकदा झालेलं हिस्टामीन उकळून जात नाही.

मेंब्रेन कधी घ्यावी तेही सांगतो. तुम्हाला प्रथिनं न गोठवता, थंड आणि विरघळलेल्या अवस्थेत हवी असतील, म्हणजे अन्नपदार्थात वापरायला, तर अल्ट्राफिल्ट्रेशनला तोड नाही. त्यात मीठही बाहेर निघून जातं. पण पुरवठादाराला हा हिशेब समोर बसून विचारा. १६ घनमीटर चार तासांत संपवायचे तर ताशी चार घनमीटर गाळले पाहिजेत. मेंब्रेनच्या एका चौरस मीटरमधून ताशी २५ लिटर जात असतील तर १६० चौरस मीटर लागतील. त्याने किती धरलेत? आणि तो दर पहिल्या दिवसाचा की नव्वदाव्या? किती किलोडाल्टनची मेंब्रेन, म्हणजे केवढ्या रेणूपर्यंत अडवणारी? मायोग्लोबिन १७ किलोडाल्टनचं असतं, ५० च्या भोकातून ते निघून जाणार. रोज कॉस्टिकने धुण्याला किती पाणी आणि किती वेळ? ते धुण्याचं पाणी पुन्हा तुमच्याच ईटीपीत येणार आहे.

तुम्ही फेसाचा उल्लेख केलात म्हणून हे खास सांगतो. फेस येतो तो बहुतेक प्रथिनांचाच. ऑपरेटर तो बसवायला डिफोमर टाकतो, आणि त्यात बऱ्याचदा सिलिकोन असतं. सिलिकोन मेंब्रेनवर बसलं की कॉस्टिकने निघत नाही. मी पाहिलेल्या एका ठिकाणी तीन आठवड्यांत गाळण्याचा दर चौथ्या भागावर आला, आणि कारण सापडलं ते कोपऱ्यातल्या एका निळ्या कॅनमध्ये. तुमच्याकडे आज डिफोमर चालू असेल तर मिसळलेल्या पाण्यावर मेंब्रेन लावण्याचा विषयच मिटतो. पहिलं धुणं वेगळं काढलंत की फेस आपोआप कमी होईल.

‘९५ टक्के’ हा आकडा कशाचा, तेही विचारा. गढूळपणा ९५ टक्के कमी होणं आणि प्रथिनं ९५ टक्के मिळणं यांत फार अंतर आहे. दुसरा सापळा प्रयोगशाळेतला. जेल्डाल पद्धतीने नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणून प्रथिनं सांगतात. पण माशाच्या पाण्यात प्रथिनांखेरीज नायट्रोजन भरपूर असतो: ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड, सुटी अमिनो आम्लं, मुशी आली असेल तर युरिया. तो कुठल्याच छेन्यात येणार नाही आणि मेंब्रेनमधूनही आरपार जाईल. म्हणून ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडने प्रथिनं खाली बसवून वरच्या पाण्यातला नायट्रोजन वेगळा मोजायला सांगा आणि तो वजा करा. रत्नागिरीतच शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, त्यांना ही चाचणी परकी नाही. तिथे विचारा.

विक्रीचं म्हणाल तर पावडरीचं स्वप्न तूर्त बाजूला ठेवा. चारशे किलो लगदा वाळवायला तीनशेहून जास्त किलो पाणी उडवावं लागतं. त्यासाठी ड्रायर, त्याची वाफ, त्याचा वास, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सगळं बंद. एवढ्या थोड्या मालाला वेगळा ड्रायर परवडताना मी पाहिलेला नाही. ताजा लगदा त्याच दिवशी जवळच्या फिशमील कारखान्याला द्या. त्यांच्याकडे ड्रायर आहेच, आणि प्रेसमधून निघालेलं पातळ पाणी आटवून मीलमध्ये परत घालण्याची पद्धत त्या धंद्यात जुनीच आहे. गाडी रोज येत नसेल तर लगद्यात वजनाच्या तीन टक्के फॉर्मिक ॲसिड कालवून पीएच चारच्या खाली आणा. असा लगदा बंद पिंपात काही आठवडे टिकतो आणि मासळीच्या किंवा कोंबड्यांच्या खाद्यात जातो. माणसांच्या खाण्यासाठी विकायचं असेल तर पहिल्या व्हॉल्व्हपासून पिशवीपर्यंत सगळी लाइन सुरिमीइतकीच स्वच्छ ठेवावी लागेल, आणि पाकिटावर माशाच्या ॲलर्जीची सूचना स्पष्ट छापावी लागेल. वर म्हटलेलं पार्व्हाल्ब्युमिन याच पाण्यात असतं.

मग पैसे कशात आहेत? बहुतांशी ईटीपीत. एक किलो प्रथिनं म्हणजे साधारण दीड किलो सीओडी (घाणीची रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची मागणी). रोज ८० किलो काढलीत की १२० किलो सीओडी टाकीत जात नाही. शिवाय प्रथिनांच्या १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे १३ किलो. तो अमोनिया होऊन नायट्रेटपर्यंत जायला किलोमागे साडेचार किलो ऑक्सिजन मागतो. हे दोन्ही ओझं तुमच्या ब्लोअरवरून उतरतं, गाळ कमी होतो, आणि सध्या जो बीओडी हटवादीपणाने वर बसलाय तो हलायला लागतो. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मर्यादा नदी-नाल्यात सोडायला बीओडी ३० आणि समुद्रात सोडायला १०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहेत, सीओडी दोन्हीकडे २५०. तुमच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवान्यात, याहून कडक आकडा असू शकतो, तो काढून बघा. छेना काढल्यावरची निवळी आम्लधर्मी असते, तिचा पीएच सातवर आणूनच पुढे सोडा, नाहीतर ईटीपीतले जिवाणू मरतील आणि दोष या योजनेवर येईल.

कोळंबीचं पाणी यात घालू नका. सोलण्याच्या पाण्यात प्रथिनं पातळ असतात, मेटाबायसल्फाइट आणि फॉस्फेटच्या बुडवणीचं पाणी तर सरळ ईटीपीलाच जावं. पण कोळंबी उकळलेलं पाणी वेगळं ठेवा. ते गरम असतं, केशरी रंगाचं, आणि एका पाण्यात तीन-चार घाणे उकळले की त्यात चव उतरलेली असते. बारीक जाळीतून गाळून, आटवून किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसवर दाट करून सूप आणि मसाल्याचे उत्पादक घेऊ शकतात. त्यात मीठ किती आहे यावर किंमत ठरते, तेव्हा उकळताना मीठ बेताने घाला. एवढं सांभाळलंत तर लगद्यापेक्षा यालाच भाव चांगला येईल असं मला वाटतं.

तेव्हा या आठवड्यात तीन दिवस, प्रत्येक पाळीच्या पहिल्या घाण्याचं पहिलं धुणं एकेक लिटर घ्या, बाटली बर्फात ठेवा, वर वेळ, मासा आणि तापमान लिहा. शेजारी ईटीपीच्या इनलेटचंही एक लिटर घ्या. दोन्हींवर साडेपाचचा बीकर करून फोटो काढा आणि प्रथिनांची चाचणी करून घ्या. ते आकडे पाठवलेत तर डॅफचा आकार मी काढून देईन.

आणि एक गोष्ट यातल्या कशासाठीही थांबू नये. वास सुटतो म्हणालात. माशाचं पाणी झाकलेल्या टाकीत सडलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासाच होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस आत उतरतो, तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघंही जातात. तुमच्या कलेक्शन टाकीत गाळ काढायला कोणालाही शिडीने उतरू देऊ नका, सुपरवायझरने सांगितलं तरी. गॅस मीटर, ब्लोअरने आत ताजी हवा, अंगाला दोर आणि वर उभा माणूस हे चारही नसतील तर गाळ पंपानेच काढा. मीटर आजच मागवा, मेंब्रेनच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.